सात नंबर, एक्केचाळीस

१

हे लिहायची मला हौस नाही. चौथी शिकलेल्या माणसापुढे कोरे कागद ठेवून 'झालं ते क्रमाने लिहा, आकडे घालून लिहा' म्हणणं म्हणजे म्हशीला जिना चढायला लावणं. पण नवे साहेब हट्टाला पेटलेत. गळतीच्या वहीत सात नंबरपुढे रोज आकडा कसा, आणि जिन्याच्या दाराची कडी म्हातारा कुणाला काढू का देत नाही, एवढंच त्यांना हवंय. एवढंच, म्हणे. 'मी' लिहायला गेलं की हात अडतो, म्हणून 'म्हातारा' असंच लिहितो. तो म्हातारा मीच. लपवाछपवी नाही.

तर धरण. बाहेरून ते सबंध भिंत दिसतं, पण त्याच्या पोटात बोगदा असतो, माणूस ताठ चालेल एवढा. भिंतीतून झिरपलेलं पाणी त्यात उतरतं आणि नऊ ठिकाणी, नऊ खाचांमधून, चरात पडतं. प्रत्येक खाचेपाशी पट्टी. पाणी पट्टीवर किती आलं ते रोज वाचायचं. धरण गळतंच. गळत नाही असं कुणी सांगितलं तर तो साहेब असणार. काल गळलं तेवढंच आज गळतंय ना, बघायचं ते हे. सगळं शहर या भिंतीमागचं पाणी पितं आणि भिंतीच्या खाली झोपतं.

म्हातारा माथ्यावरच्या खोलीत वही घेऊन बसायचा. खोलीत टेबल, खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ, खाली उतरणाऱ्या जिन्याचं दार आणि बोलनळी. बोलनळी म्हणजे मनगटाएवढा लोखंडी नळ. खोलीतून निघून थेट बोगद्याच्या टोकापर्यंत गेलेला, खाली प्रत्येक खाचेपाशी एक तोंड, वर एक तोंड, वरच्याला साखळीने बांधलेलं पितळी झाकण. खाली फोन टिकत नाही. तीन बसवले, तिन्ही ओलीने खाल्ले.

रीत अशी. खालच्याने म्हणायचं, 'चार नंबर, बावीस.' वरच्याने परत म्हणायचं, 'चार नंबर, बावीस.' मग वहीत आकडा आणि शेजारी बरोबरची खूण. आपला आकडा परत ऐकू येईपर्यंत खालच्याने जागा सोडायची नाही. ही रीत म्हाताऱ्यानेच घातलेली, तोही खाली जायचा तेव्हा. नव्या माणसाला तो एवढंच शिकवायचा: आभाळ कोसळलं तरी परत म्हटल्याशिवाय हलायचं नाही.

२

गुडघे गेल्यावर म्हातारा खाली उतरायचा बंद झाला आणि त्याच्या जागी त्याची मुलगी लागली. कागदावर तिचं दुसरं नाव असेल, सगळं धरण तिला खारू म्हणायचं. दोनशे चौदा पायऱ्या ती दोन-दोन करत चढायची, खारीसारखी, आणि वर आल्यावर श्वाससुद्धा लागलेला नसायचा. लोकांना लिफ्ट लागते, म्हाताऱ्याला पोरीची चीड यायची. म्हणजे कौतुकच. पण तसं बोलायची त्याला सवय नव्हती.

ती आधी पार टोकाला जायची आणि परतीच्या वाटेवर एकपासून वाचत यायची. नऊ नंबर जिन्याच्या तळाशी. तिथलं पाणी वर्षानुवर्षं नऊच. म्हणून रोजचा शेवट ठरलेला असायचा.

'नऊला नऊ. येऊ?'

म्हातारा म्हणायचा, 'ये.' मग पायऱ्यांवर तिचे बूट वाजायचे.

मस्करी भरपूर. मध्येच म्हणायची, 'तीन नंबर, बाप घोरतोय.' रीत म्हणजे रीत, म्हाताऱ्याला परत म्हणावं लागायचं. 'तीन नंबर, बाप जागा आहे, आकडा सांग भवाने.' कधी मुद्दाम भलताच आकडा द्यायची, पाचशे वगैरे, म्हातारा चमकतो का बघायला. नळीतून तिचं हसणं वर यायचं, थंडगार, ओलं, जवळून.

मग एक दिवस तिने जुन्या साहेबांना जाऊन सांगितलं की बाबांना आता नीट दिसत नाही. तीन लिहितात ते आठसारखं होतं, तेराचे अठरा झालेत दोनदा, वही दुसऱ्या कुणाकडे द्या. म्हाताऱ्याला हे कळलं ते साहेबांच्या शिपायाकडून. त्याच्या अंगाची लाही झाली. घरी येऊन तो बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. बापाची चहाडी करतेस, एवढं लिहितो. ती शांतपणे म्हणाली की खालती शहर आहे, बाबा, तुमचा मान सांभाळायला मी चुकीचा आकडा चालवून घेणार नाही.

'माफी माग,' म्हातारा म्हणाला. 'तू माफी मागेपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही.'

'चुकलं असतं तर मागितली असती.'

दोघांची एकच माती. तिची आई दोन ताटांमध्ये उभी राहून दोघांची तोंडं बघत राहिली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली गेली. म्हातारा खोलीत नळीकडे पाठ करून बसला. एक नंबर आला. म्हाताऱ्याने तोंडातल्या तोंडात परत म्हटला, कामापुरता. तो शब्द धरायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. दोन, तीन, चार, पाच, सहा. तीही कामापुरतीच बोलत होती. मस्करी नाही.

नऊ चाळीसला ती म्हणाली, 'सात नंबर, एक्केचाळीस.'

सात नंबर म्हणजे अठरा. पंधरा वर्षं अठरा. म्हाताऱ्याला वाटलं, आली मस्करीवर. भलता आकडा टाकून बापाला बोलतं करायचं आणि मग हसायचं, म्हणजे भांडण मिटलं, माफी मागायलाच नको. तो गप्प बसला.

'सात नंबर, एक्केचाळीस.'

तो गप्प.

'बाबा, सात नंबर, एक्केचाळीस. परत म्हणा.'

तिचा आवाज हसरा नव्हता. हे त्याला तेव्हाही कळलं होतं. इतके दिवस तो स्वतःला सांगतोय की कळलं नव्हतं. कळलं होतं. पण मानेत राग बसला की ती वळत नाही. त्याने घड्याळाकडे बघितलं. आणखी एकदा म्हणू दे, मग म्हणतो.

चौथ्यांदा ती म्हणाली नाही. नऊ बेचाळीसला नळीतून असा आवाज आला, जसं कुणीतरी डोंगराएवढा श्वास आत ओढतंय. मग नळीच्या तोंडातून टेबलावर गार वारा सुटला आणि वहीची पानं आपोआप उलटत गेली.

४

सात नंबरजवळ धरण बांधताना बुजवलेलं जुनं भोक होतं, ते फुटलं होतं. बोगद्याचा सखल भाग चार मिनिटांत भरला. धरण वाचलं, शहर वाचलं, वर्तमानपत्रात चांगलं छापून आलं. पंप लावून पाणी उपसायला तिसरा दिवस उजाडला.

ती सात नंबरलाच होती. एका हाताची बोटं नळीच्या तोंडात अडकवलेली. चौकशीवाले आपसात म्हणत होते की पळाली कशी नाही, जिना तर एवढ्यावर. म्हाताऱ्याने ऐकलं आणि मनात हिशोब केला. आठ आणि नऊ मिळून तिला दीड मिनिट लागायचं. मग पायऱ्या. त्याच्याकडे दोन मिनिटं होती. आणि एक्केचाळीस ऐकल्याबरोबर त्याने नुसतं 'पळ' म्हटलं असतं, तर दीड मिनिटही लागलं नसतं.

वहीत सात नंबरपुढे त्याने एक्केचाळीस लिहिलं आणि बरोबरची खूण केली. तिला बाहेर काढण्याच्या आधी केली. चौकशीत ती खूण बघून साहेब म्हणाले की वरच्या माणसाकडून कसूर नाही.

दिवस झाल्यावर तिच्या आईने त्याला एकदाच विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, पोरीचेच कपडे.

'शेवटचं काय म्हणाली हो ती?'

'आकडा म्हणाली.'

'आणि तुम्ही?'

'मी पण आकडाच. परत म्हटला.'

'बरं झालं,' ती म्हणाली. 'म्हणजे तुम्ही बोललात तिच्याशी.' आणि सदऱ्याची बाही सरळ करून घडी घातली.

५

बोगद्याचा तो सगळा भाग काँक्रीटने भरून टाकला. जिन्याच्या तळाशी जाड भिंत घातली. बोलनळी खोलीच्या जमिनीखाली हातभर अंतरावर कापली आणि सिमेंटने बुजवली. आता गळती मोजायला तारा आल्या, पडदा आला. पडद्यावरचे आकडे वहीत उतरवून ठेवायचं काम म्हाताऱ्याला दिलं, कीव म्हणून. नवा चष्माही दिला. पडद्यावर आठच रकाने. सात नंबर कायमचा बंद. जुन्या वहीत मात्र रकाना छापलेला होता, तो रिकामा सोडायचा.

पहिल्याच सकाळी, नऊ चाळीसला, झाकणाखालून आवाज आला.

'सात नंबर, एक्केचाळीस.'

म्हाताऱ्याने पेन खाली ठेवलं. पडदा गुणगुणत होता. बाहेर कुणीतरी झाडू मारत होतं. आवाज मोठा नव्हता, घाबरलेला नव्हता. कामावरचा आवाज.

'सात नंबर, एक्केचाळीस.'

मग तिसऱ्यांदा, बाबा म्हणून, परत म्हणा म्हणून. मग काही नाही.

आकडा आला की लिहायचा हे हाताला माहीत. त्याने एक्केचाळीस लिहिलं. खूण केली नाही.

म्हातारा भुताखेतांचं म्हणून सोडून देणारा नव्हे. त्याने नळीत तार घातली. तार हातभर गेली आणि सिमेंटला टेकली. त्याने कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले की या वयात एवढे चांगले कान बघितले नाहीत. त्याने पडदा बंद करून बघितला, घड्याळ काढून ठेवलं, एक दिवस कापसाचे बोळे घातले. बोळे घातले त्या दिवशी आवाज कानातून आला नाही, दातांतून आला.

रोज तीनदा. सुट्टीचा दिवस सोडून. सुट्टीच्या दिवशी तिची सुट्टी असायची.

६

फिटर हा म्हाताऱ्याचा जुना दोस्त, वयाने मुलासारखा, तोंडाने आगाऊ. त्याला म्हाताऱ्याने काही सांगितलं नाही. झाकणातून घरघर येते, जरा कान लावून बघ, एवढंच म्हणाला. वेळ नऊ चाळीसची घेतली.

फिटर हसत होता. काकांना आता नळ्यांतून गाणी ऐकू येतात, पुढच्या महिन्यात फर्माईश करतील, असं काहीबाही बोलत तो वाकला आणि कान लावला. त्याचं हसू तोंडावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. मग त्याने झाकण लावलं, अगदी हळू, झोपलेल्या लेकराच्या खोलीचं दार लोटावं तसं.

'बोलतं का कुणी?' म्हाताऱ्याने विचारलं.

'बोलत नाही, काका. कुणी तरी थांबलंय.'

पुढच्या आठवड्यात त्याने पंपघरावर बदली मागून घेतली. आता वाटेत भेटला तर मान खाली घालून सायकल दामटतो.

म्हाताऱ्याला त्या दिवसापासून तो एकच शब्द पुरला. थांबलंय. आकडा परत येईपर्यंत थांबायचं, आभाळ कोसळलं तरी. तिच्यावर आभाळच काय, अख्खं तळं कोसळलं. वरून काँक्रीट ओतलं. आणि ती नळीच्या तोंडाशी बोटं धरून उभी आहे, कारण बापाने शिकवलेलं बापाने अजून केलं नाही.

मग म्हणून टाकायचे होते ना दोन शब्द, असं वाचणारा म्हणेल. म्हण बाबा तू. म्हातारा पाच महिने रोज तोंड उघडत होता आणि मिटत होता. परत म्हटलं, तर ती सात नंबर सोडणार. सोडून जाणार कुठे, हे त्याला ठाऊक होतं. आठ, नऊ, आणि मग जिना.

७

गेल्या आठवड्यात नव्या साहेबांनी सांगितलं की ही खोली पाडायची, नळी उपटायची, उद्यापासून काम सुरू.

म्हातारा नेहमीच्या वेळी येऊन बसला. या वेळी नळीकडे तोंड करून. नऊ चाळीस झाले.

'सात नंबर, एक्केचाळीस.'

म्हाताऱ्याने झाकण उचललं. 'सात नंबर,' तो म्हणाला. त्याने खुर्ची नळीजवळ ओढली आणि पुन्हा म्हटलं. 'सात नंबर, एक्केचाळीस.'

पलीकडे कुणीतरी श्वास सोडला. फार दिवस धरून ठेवलेला.

त्याने वहीत खूण केली. पेन कागदातून आरपार गेलं.

८

बुटांचा आवाज लांबून आला. कोरड्या जमिनीवरचा नव्हे. चिखलातून पाय उपटावा तसा.

'आठ नंबर, बारा.'

'आठ नंबर, बारा.'

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. बाहेरचा झाडूही चालू होता. म्हाताऱ्याला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता, कारण पुढचा आकडा यायचा होता.

९

'नऊला नऊ,' ती म्हणाली. 'येऊ?'

तोंडाला सवय. 'ये,' म्हातारा म्हणाला. 'ये, बाळ.'

मग नळी गप्प झाली आणि जिना वाजायला लागला. तळाशी जाड भिंत आहे, ती म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत घातली. पावलं भिंतीच्या अलीकडे होती. दोन-दोन पायऱ्या नव्हत्या. एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीवर थांबा. म्हातारा मोजत होता. साठ. शंभर. खोलीत ओल्या सिमेंटचा वास भरला. दीडशे. पोर दमलीय, त्याला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा दमलीय. दोनशे. दाराखालच्या फटीत उजेड आला, टोपीवरच्या दिव्याचा, पिवळट, हलता.

तो दार उघडायला उठला. देवाशपथ, उघडायलाच उठला. हात कडीवर गेला. आणि हाताने कडी घातली.

दोनशे चौदा.

फटीखालून पाणी आलं, खोलीभर नाही, ओंजळभर. म्हातारा गुडघ्यांवर बसला, जे गुडघे डॉक्टरने वाकवू नका म्हणून सांगितलंय. फटीतून त्याला एका बुटाचा पुढचा भाग दिसला. डावा बूट. अंगठ्यापाशी लाल रबराचं ठिगळ, सायकलच्या ट्यूबचं. ते त्यानेच चिकटवलं होतं. बुटावर करडा थर होता, आणि थराला बारीक तडे, वाळलेल्या सिमेंटला जातात तसे. त्याच्या वरचं काही त्याने बघितलं नाही. बघता आलं असतं, अजून थोडी मान वाकवली असती तर.

'येऊ?' दारापलीकडून आवाज आला.

म्हातारा काही बोलला नाही. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा राग होता, या वेळी भीती होती, पण तिच्या बाजूने ऐकलं तर दोन्ही सारखंच.

मग ती थांबली. थांबणं तिला येतं.

तर साहेब, एवढंच. कडी काढू नका. दार तोडू नका, खोलीही पाडू नका. तिची आई काल डबा घेऊन आली होती, तिला मी दारात आडवा उभा राहून परत पाठवलं. खूण खोटी होती, हे तिला या कागदांवरूनच कळेल, तोंडाने माझ्याच्याने होणार नाही. म्हातारा रोज दाराला पाठ लावून बसतो. पाठीला गार लागतं. त्याने दारातून पोरीला सांगून ठेवलंय: चुकलं म्हण, एकदा म्हण, लगेच काढतो कडी. ती म्हणत नाही. तिचं चुकलेलंच नव्हतं, मग कशी म्हणेल, आणि हे मला चांगलं माहीत आहे, म्हणूनच तर सांगतो.

जुने साहेब येऊन हात जोडून माफी मागून गेले. चौकशीवाले आले, शिपाई आला, फिटरनेसुद्धा माफीची चिठ्ठी पाठवली. माझी माफी मागायची आता एकच राहिली आहे. माझी खारू.